पहिली परदेशवारी आणि वाटेतील विमानतळ

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला जाण्यासाठी निघाले. कैरो व जिनिव्हा येथे थांबून ते लंडनला पोहोचले. स्वतंत्र भारताच्या आंतरराष्ट्रीय विमानसेवेची ही सुरुवात होती. त्या काळी विमान वाटेत थांबत असे. प्रवासी मात्र त्याच विमानाने पुढे जात असे. आज नेमके उलट घडते. मुंबईहून दूरच्या देशी जाणारा प्रवासी बहुधा दुबई, दोहा, अबू धाबी, इस्तंबूल, फ्रँकफर्ट वा सिंगापूर येथे उतरतो, काही तास तेथे काढतो आणि दुसऱ्या विमानात बसून पुढे जातो.

हा प्रवास आता केवळ महानगरातील सुखवस्तू कुटुंबांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेला विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी जातो, कोकणातील वा मराठवाड्यातील तरुण आखाती देशात नोकरीसाठी जातो, तर कधी मुलीच्या बाळंतपणासाठी साठीच्या घरातील आई एकटीच निघते. यांपैकी अनेकांनी त्यापूर्वी विमान जवळून पाहिलेलेही नसते. शंका आली की ही माणसे शाळेतील गुरुजींकडे, ग्रामसेवकाकडे किंवा एखाद्या जाणत्या पंचायत सदस्याकडे येतात. म्हणून या विषयाची नेमकी माहिती गावातील या मंडळींना असणे अगत्याचे आहे.

नवख्या प्रवाशाला भीती वाटते ती मुख्यतः इंग्रजीची. परंतु प्रवास अडतो तो सहसा भाषेमुळे नव्हे, तर कागदपत्रे, सामान आणि घड्याळ या तीन बाबींतील चुकांमुळे. मनमाडला किंवा दौंडला गाडी बदलणाऱ्या माणसाला विमान बदलणे अशक्य नाही. क्रम ठाऊक असला म्हणजे पुरे. आणि हा क्रम घरून निघण्यापूर्वीच शिकून घेता येतो.

तयारीची सुरुवात गावातच

परदेश प्रवासाचा पहिला कागद पारपत्र हा होय; पण त्याची मुळे ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत आणि शाळेच्या दाखल्यात असतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि तिकिटावर तिसरे, अशी स्थिती असेल तर प्रवासी विमानतळाच्या दारातच अडतो. तिकिटावरील नाव पारपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे. काही पारपत्रांत आडनावाचा रकाना रिकामा असतो. केवळ एकच नाव असलेल्या पारपत्रधारकांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश न देण्याचे धोरण संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा अनेकांना या रिकाम्या रकान्याचे महत्त्व उमगले.

जन्मनोंदणीच्या बाबतीत तर पंचायतींची जबाबदारी अधिकच वाढली आहे. पारपत्र नियमांत २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. आज नोंदवहीत झालेली अक्षराची चूक वीस वर्षांनंतर एखाद्या विद्यार्थ्याची वाट अडवू शकेल.

पारपत्राची मुदत हाही दुर्लक्षित राहणारा मुद्दा. अनेक देश प्रवेशाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी असा आग्रह धरतात. मुदत संपण्यास दोन-तीन महिने उरले असताना तिकीट काढणे म्हणजे पैसा पणाला लावणे होय.

नोकरीसाठी आखातात जाणाऱ्यांची बाब वेगळी आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ अशी नोंद असते. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, संयुक्त अरब अमिराती आदी ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. ही अट जाच म्हणून नव्हे, तर कामगाराच्या रक्षणासाठी आहे. परवानगीच्या वेळी नोकरीचा करार तपासला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेखाली अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ‘भेटीच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर नोकरीचे बघू’ असे सांगणारा दलाल हे संरक्षणच काढून घेत असतो. भरती करणारी संस्था नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे केंद्र शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ग्रामपंचायतीच्या संगणकावर पाच मिनिटांत होणारे हे काम एखाद्या कुटुंबाची जमीन गहाण पडण्यापासून वाचवू शकते.

तिकिटाला विचारावयाचे चार प्रश्न

तिकीट स्वस्त आहे किंवा महाग, एवढेच बहुतेक जण पाहतात. वाटेत विमान बदलावयाचे असेल तेव्हा पुढील चार प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

पहिला प्रश्न : संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर आहे काय? एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणे असतील आणि पहिल्याला उशीर झाल्यामुळे दुसरे हुकले, तर प्रवाशाला पुढे पाठविण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. तेच दोन स्वतंत्र तिकिटे असतील तर दुसरी कंपनी त्या प्रवाशाला वेळेवर न आलेला समजते आणि त्याचे पैसे बुडतात. स्वस्त म्हणून घेतलेली अशी जोडतिकिटे शेवटी महाग पडतात.

दुसरा प्रश्न : सामान कोठपर्यंत जाणार? एका तिकिटावर सामान सामान्यतः अखेरच्या ठिकाणापर्यंत जाते. स्वतंत्र तिकिटे असली की ते बहुधा वाटेतच उतरवून घेऊन पुन्हा जमा करावे लागते. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून त्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि प्रवेशासाठी व्हिसा लागतो. तो नसल्यामुळे काही प्रवाशांना मुंबईतच विमानात चढू दिले जात नाही.

तिसरा प्रश्न : वाटेतील देशाचा व्हिसा लागतो काय? दुबईत विमानतळाच्या आतच राहून पुढे जाणाऱ्यास तो लागत नाही. अमेरिकेत मात्र केवळ विमान बदलावयाचे असले तरी भारतीय नागरिकाला अमेरिकेचा व्हिसा असावाच लागतो. ब्रिटन व युरोपातील देशांचे नियम वेगवेगळे असून ते वेळोवेळी बदलतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहणे आणि विमान कंपनीकडे विचारणा करणे, हे दोन्ही करावे.

चौथा प्रश्न : मध्ये किती वेळ आहे, आणि उतरण्याचा व चढण्याचा विमानतळ एकच आहे काय? लंडनमध्ये हीथ्रो आणि गॅटविक हे दोन वेगळे विमानतळ असून एकातून दुसऱ्यात जाण्यास रस्त्याने बराच वेळ लागतो. दुबईच्या मुख्य विमानतळाला तीन टर्मिनल असून दुसरे टर्मिनल धावपट्ट्यांच्या पलीकडच्या बाजूस आहे. मुंबई महानगरातही आता हा प्रश्न विचारावा लागतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून ‘मुंबईहून विमान’ एवढे सांगणे पुरेसे राहिलेले नाही.

याच ठिकाणी तारखेचा घोटाळाही ध्यानात घ्यावा. मुंबईहून परदेशी जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि रात्रीचे ००.४० असे लिहिले असेल, तर प्रवाशाने १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर असले पाहिजे. पंधराव्या तारखेच्या संध्याकाळी गावाहून गाडी करून निघालेल्या कुटुंबाला विमान आदल्याच रात्री गेल्याचे दारात कळते. तिकीट हाती येताच त्यावर ‘घरून निघण्याचा वार व वेळ’ मराठीत लिहून ठेवणे हा यावरील साधा उपाय आहे.

मुंबईच्या विमानतळावर

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरून परदेशी जाणारी विमाने टर्मिनल दोनवरून सुटतात. प्रवाशाने तीन तास आधी पोहोचावे. सामान स्वीकारण्याची खिडकी साधारणतः सुटण्याच्या एक तास आधी बंद होते, आणि त्यानंतर विनवणी चालत नाही.

दारात तिकीट व पारपत्र दाखवून आत गेल्यावर पहिले काम विमान कंपनीच्या खिडकीवरचे. येथे मोठे सामान जमा होते आणि बोर्डिंग पास मिळतो. पुढे एकाच तिकिटावर प्रवास असेल तर दोन्ही विमानांचे पास येथेच मागून घ्यावेत. सामानाला लावलेल्या पट्टीचा एक तुकडा प्रवाशाला दिला जातो. त्यावर कोणत्या शहराचे नाव आहे ते तेथेच वाचावे, किंवा खिडकीवरील कर्मचाऱ्याला विचारावे. हा तुकडा म्हणजे सामानाची पावती. ती अखेरपर्यंत जपावी.

त्यानंतर इमिग्रेशन आणि सुरक्षा अशा दोन तपासण्या होतात. पूर्वी भारतीय नागरिकांनाही प्रस्थानाचे कार्ड भरावे लागे. १ जुलै २०१७ पासून विमानतळांवर ती पद्धत बंद झाली आहे. तेव्हा कोणी पैसे घेऊन फॉर्म भरून देऊ लागल्यास त्याला बळी पडू नये. अधिकारी कोठे, कशासाठी आणि किती दिवस असे साधे प्रश्न विचारतो. त्यांना थोडक्यात आणि खरे उत्तर द्यावे. मुलाकडे जाणाऱ्या आईने ‘मुलाकडे, तीन महिने’ एवढे सांगितले तरी पुरते.

विमान बदलताना : दुबईचे उदाहरण

समजा, विमान मुंबईहून पहाटे साडेचारला सुटून दुबईला सव्वासहाला पोहोचते. घड्याळाप्रमाणे हा पावणेदोन तासांचा प्रवास. प्रत्यक्षात तो सव्वातीन तासांचा असतो, कारण दुबईची वेळ भारतापेक्षा दीड तासाने मागे आहे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते, हे सूत्र पक्के लक्षात ठेवावे. दोहाची वेळ अडीच तासांनी मागे, तर सिंगापूरची अडीच तासांनी पुढे. मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहिले, तर पश्चिमेकडे जाणारा प्रवासी आपले विमान गेले असे समजून उगाच घाबरतो. पूर्वेकडे जाणारा मात्र भरपूर वेळ आहे असे समजून निवांत बसतो आणि विमान खरोखरच चुकवतो. विमानातून उतरताच भिंतीवरील घड्याळाशी आपले घड्याळ जुळवून घेणे हे पहिले काम होय.

दुसरे काम योग्य वाट धरण्याचे. उतरल्यावर दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. एक ‘अरायव्हल्स’ आणि ‘बॅगेज’ अशी बाहेर जाणाऱ्यांसाठी, दुसरी ‘ट्रान्सफर’ किंवा ‘कनेक्शन्स’ अशी विमान बदलणाऱ्यांसाठी. बहुसंख्य प्रवासी ज्या दिशेने जातात त्या दिशेने गर्दीबरोबर चालू लागणे ही येथील नेहमीची चूक. इंग्रजी न येणाऱ्या प्रवाशाला ‘ट्रान्सफर’ हा शब्द घरीच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावा आणि त्याचे रूप ओळखावयास शिकवावे. गुरुजींना हे काम अवघड नाही.

या वाटेवर सुरक्षा तपासणी पुन्हा होते. पहिल्या विमानात मिळालेली पाण्याची बाटली येथे टाकून द्यावी लागते. तपासणीनंतर पडद्यावर उड्डाणाचा क्रमांक शोधावा आणि त्यापुढील दरवाजाचा क्रमांक पाहावा. बोर्डिंग पासवर दरवाजा छापलेला असला तरी पडद्यावरचा क्रमांकच खरा मानावा, कारण तो आयत्या वेळी बदलू शकतो. एस.टी. स्थानकावर जशी गाडी लागल्याची घोषणा होते तशी अनेक मोठ्या विमानतळांवर आता होत नाही. अंतरेही मोठी असतात. दुबईच्या तिसऱ्या टर्मिनलला तीन स्वतंत्र भाग असून त्यांपैकी एका भागाकडे आतील रेल्वेने जावे लागते. म्हणून आधी दरवाजा गाठावा, मग चहा, खरेदी किंवा विश्रांती. सुटण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी दरवाजा बंद होतो. त्यामुळे सव्वादोन तासांचा थांबा प्रत्यक्षात बराच लहान असतो.

भाषा येत नसली तरी प्रवाशाने बोर्डिंग पास कोणत्याही गणवेशातील कर्मचाऱ्यापुढे धरावा. त्यावर सर्व काही लिहिलेले असते आणि कर्मचारी हाताने दिशा दाखवतो. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी चाकाच्या खुर्चीची सोय विमान कंपन्या करतात. मात्र तिची मागणी तिकीट काढतानाच किंवा निदान दोन दिवस आधी नोंदवावी. केवळ वाट चुकण्याची भीती असलेल्या वृद्धांसाठी सोबत मिळण्याची सेवाही काही कंपन्या देतात. तीबद्दल विचारून घेतले, तर खऱ्या गरजूंच्या खुर्च्या अडून राहणार नाहीत.

सामानातील गोडधोड आणि धोके

आईच्या पिशवीत लोणचे, तूप, मेतकूट आणि लाडू असणारच. त्यांत गैर काही नाही. पण कोणती वस्तू कोठे ठेवावी याचे नियम आहेत. हातातील सामानात द्रवपदार्थाची बाटली शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. तूप आणि लोणचे त्यामुळे जमा सामानात, घट्ट बांधून ठेवावे. उलट मोबाइलची पॉवर बँक जमा सामानात चालत नाही. ती हातातील पिशवीतच हवी. सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकणारा माल म्हणून धोकादायक वस्तूंत गणले जाते. ते मुळातच नेऊ नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना खसखशीची. आपल्या स्वयंपाकघरात ती नित्याची वस्तू आहे. अनारसे आणि डिंकाचे लाडू तिच्यावाचून होत नाहीत. परंतु संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या झाडाचे बी होय. केवळ विमान बदलण्यासाठी उतरलेल्या प्रवाशालाही तेथील कायदा लागू असतो. वेदनाशामक ट्रॅमाडॉल व कोडीनयुक्त औषधांवरही अमिरातीत कडक निर्बंध आहेत. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि प्रवासापुरतीच न्यावीत.

दुसऱ्याचे पाकीट नेणे हा याहून मोठा धोका. २०१९ मध्ये मुंबईहून दोहाला गेलेल्या एका दांपत्याच्या सामानात, नातेवाइकाने विश्वासाने सोपविलेल्या पाकिटात अमली पदार्थ सापडले. निर्दोष ठरून मायदेशी परतेपर्यंत २०२१ चा एप्रिल उजाडला. ‘एवढी पुडी माझ्या भावाला द्या’ ही विनंती गावात नाकारणे जड जाते. तरीही ती नाकारलीच पाहिजे. पेटी स्वतः भरावी आणि तिच्यात काय आहे ते स्वतःला ठाऊक असावे.

अखेरचे दार

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक नियम विशेष आहे. अमेरिकेतील ज्या विमानतळावर विमान प्रथम उतरते, तेथेच इमिग्रेशन व सीमाशुल्क तपासणी होते. मुलगा शिकागोला राहत असला आणि विमान प्रथम न्यूयॉर्कला उतरत असले, तर सामान न्यूयॉर्कला पट्ट्यावरून उचलून, तपासणी ओलांडून, पुढील विमानासाठी पुन्हा जमा करावे लागते. पट्टीवर शिकागोचे नाव असल्याने अनेकांची येथे फसगत होते. अबू धाबीचा मात्र अपवाद आहे. तेथे २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारीच ही तपासणी करतात. त्यामुळे त्या वाटेने जाणाऱ्याने अबू धाबीत अधिक वेळ हाताशी ठेवावा.

खाद्यपदार्थांबद्दल विचारल्यास जे आहे ते सांगावे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात पदार्थ नेल्याबद्दल नव्हे, तर तो दडवल्याबद्दल दंड बसतो.

अडचण आली तर

दुसरे विमान चुकले तर बाहेर न पडता ‘ट्रान्सफर डेस्क’ अशी पाटी असलेल्या खिडकीवर जावे आणि दोन्ही बोर्डिंग पास दाखवावेत. सामान आले नाही किंवा मोडून आले, तर विमानतळाच्या त्याच दालनात लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ पासून सहभागी आहे. त्या करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून सात दिवसांत, तर उशिरा मिळाल्याची तक्रार एकवीस दिवसांत करावी लागते. परदेशात पारपत्र हरवल्यास पोलिसांत नोंद करून भारतीय दूतावास गाठावा. पारपत्राची छायाप्रत वेगळ्या पिशवीत ठेवलेली असेल, तर हे काम पुष्कळ सोपे होते.

फोन बंद पडू शकतो, त्याची बॅटरी संपू शकते. कागदाचे तसे नाही. म्हणून एका जाड कागदावर प्रवाशाचे नाव, उड्डाणांचे क्रमांक, जेथे जावयाचे तेथील पत्ता आणि दोन्हीकडील दूरध्वनी क्रमांक इंग्रजीत व मराठीत लिहून तो पारपत्राबरोबर गळ्यातील पिशवीत ठेवावा.

गावाने काय करावे

या सर्वासाठी मोठ्या खर्चाची योजना लागत नाही. गावातून कोणी प्रथमच परदेशी निघाले की शाळेत किंवा पंचायतीच्या कार्यालयात एक तास बसून त्यांचे तिकीट वाचावे, चार प्रश्न विचारावेत, निघण्याची वेळ मराठीत लिहून द्यावी आणि ‘ट्रान्सफर’ हा शब्द ओळखावयास शिकवावा. आधी जाऊन आलेला एखादा गावकरी सोबत बसला तर उत्तमच. ज्या आईने आयुष्यभर घराबाहेरचा प्रत्येक प्रवास कोणाच्या तरी सोबतीने केला, ती एका तासाच्या तयारीने परक्या विमानतळावर आपले दार स्वतः शोधू शकते.